स्वीडिश घरातले फळं-क्रीमचे गोड पदार्थ

रानजाई

मिडसोमार तोंडावर आलाय. १९ ते २५ जूनच्या मधला जो शुक्रवार येतो, त्या दिवशी स्वीडनमध्ये हा सण असतो. जेवणात मुरवलेला हेरिंग मासा, कोवळे बटाटे, भरपूर शेपू, आणि सगळं झाल्यावर स्ट्रॉबेरीचा केक. गोथेनबर्गच्या चौकाचौकांत आत्ता स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागलेत. इथे स्ट्रॉबेरी मापानं मागायची पद्धत आहे, एक लिटर, दोन लिटर अशी.

या पदार्थांबद्दल मला बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच नीट धागा काढते. केकच्या दुकानातले देखणे प्रकार सोडून देते. घरोघरी जे होतं तेवढंच लिहिते.

आधी एक गोष्ट, कारण ती लक्षात आली की बाकीचं सोपं आहे. स्वीडिश घरात फेटलेल्या क्रीममध्ये साखर घालत नाहीत. घातलीच तर चमचाभर व्हॅनिला साखर. गोडी केकमध्ये किंवा जॅममध्ये, आंबटपणा फळात, आणि क्रीम या दोघांच्या मधे. आपण गोड क्रीमवर गोड फळ घालतो आणि दोन घासांत तोंडाला मिठी बसते. इथे लोक दुसरा तुकडा सहज घेतात तो यामुळे.

मापं: सगळं डेसिलिटरमध्ये असतं. १ डेसिलिटर (पुढे डेलि लिहिते) म्हणजे १०० मिली. मैदा १ डेलि म्हणजे साधारण ६० ग्रॅम, साखर १ डेलि म्हणजे ८५ ते ९० ग्रॅम. मोठा चमचा १५ मिली, छोटा ५ मिली.

स्ट्रॉबेरीचा केक, म्हणजे यूर्डगुब्बस्तोर्ता

४ अंडी आणि २ डेलि साखर एकत्र फेटायची. घाई करू नका, हीच सगळी मेहनत आहे. मिश्रण पांढुरकं होऊन दुप्पट-तिप्पट फुगलं पाहिजे आणि बीटर उचलल्यावर पडणारी धार वरच्या वर क्षणभर दिसत राहिली पाहिजे. मग १ डेलि मैदा, १ डेलि बटाट्याचा स्टार्च आणि २ छोटे चमचे बेकिंग पावडर एकत्र चाळून हलक्या हातानं मिसळायचं. अर्धा बटाट्याचा स्टार्च असल्यामुळे केक हलका होतो. तो नसेल तर त्या जागी कॉर्नफ्लॉर चालेल. २४ सेंटीमीटरच्या भांड्याला बटर लावून मैद्याऐवजी ब्रेडचा बारीक चुरा भुरभुरायचा. ओव्हन १७५ अंश, खालचा कप्पा, ३५ ते ४० मिनिटं. पूर्ण गार झाल्याशिवाय कापू नका.

केकचे आडवे तीन थर करायचे. खालच्या थरावर व्हॅनिला कस्टर्ड: ३ डेलि दूध, ३ पिवळे बलक, २ मोठे चमचे साखर, दीड मोठा चमचा कॉर्नफ्लॉर, मंद आचेवर सतत ढवळत दाट करून पूर्ण गार केलेलं. दुसऱ्या थरावर काट्यानं चेचलेल्या स्ट्रॉबेरी, त्यांत जेमतेम चमचाभर साखर. चेचायच्या, मिक्सरमध्ये फिरवायच्या नाहीत. मिक्सरमधून पातळ रस निघतो आणि केक लगदा होतो. तिसरा थर वर ठेवायचा, आणि आता थांबायचं. झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. केक रस पिऊन घेतो आणि थर एकमेकांना धरतात.

क्रीम आणि वरच्या अख्ख्या स्ट्रॉबेरी मात्र वाढायच्या दिवशीच. ५ डेलि क्रीम मऊसर फेटायचं. दुकानातल्या केकसारख्या कडक नक्षीची गरज नाही. स्ट्रॉबेरी आधी धुऊन, पुसून, मग देठ काढायचे. उलट केलं तर देठाच्या खळग्यातून पाणी आत जातं.

फळांचं क्रेम

नावावरून गैरसमज होतो. हे स्वीडिश 'क्रेम' म्हणजे क्रीम नव्हे, फळांचा दाटसर शिजवलेला रस. तो गार करून वरून गार दूध किंवा न फेटलेलं क्रीम ओतून खातात. मे-जूनमध्ये रुबार्बचं (आंबट, लालसर देठांची वनस्पती), मग स्ट्रॉबेरीचं, पुढे ब्लूबेरीचं. माझ्या मते स्वीडिश घरातलं सगळ्यात खरं गोड हेच. पाहुण्यांसाठी मुद्दाम कोणी करत नाही, घरच्यांसाठी करतात.

रुबार्बचे अर्धा किलो देठ तुकडे करून ४ डेलि पाण्यात आणि सव्वा डेलि साखरेत मऊ होईपर्यंत शिजवायचे. (पानं अजिबात वापरायची नाहीत, विषारी असतात.) ३ मोठे चमचे बटाट्याचा स्टार्च थोड्या गार पाण्यात कालवून घ्यायचा. पातेलं आचेवरून खाली उतरवायचं, एका हातानं स्टार्चची बारीक धार सोडायची, दुसऱ्या हातानं ढवळायचं. मग पुन्हा आचेवर ठेवायचं आणि पहिले बुडबुडे आले की लगेच बंद. स्टार्च पडल्यावर रस आधी गढूळ होतो आणि आच लागली की काचेसारखा स्वच्छ होतो, ते बघत राहायचं. जास्त उकळलंत किंवा खूप घोटलंत तर परत पातळ होतं. वाडग्यात ओतल्यावर वर थोडी साखर भुरभुरा, म्हणजे साय धरत नाही.

वॉफल आणि नाताळचा गार भात यांच्याबद्दल प्रतिसादांत लिहीन. विचारा!

-----

मोरपंखी_सई

रानजाई, फार छान लिहिलंयस. मी पुण्यात. माझा प्रश्न क्रीमचाच. अमूलचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी पातळच राहतं. दुकानातलं व्हिपिंग क्रीम आणलं तर ते आधीच गोड. मग बिनसाखरेचं, उभं राहणारं क्रीम आणायचं कुठून?

-----

रानजाई

सई, फ्रेश क्रीममध्ये स्निग्धांश २५ टक्के असतो, तो फेटायला पुरत नाही. इथे फेटायचं क्रीम ३६ किंवा ४० टक्क्यांचं असतं आणि स्वयंपाकाचं वेगळं, १५ टक्क्यांचं. स्वीडनमध्ये नव्यानं आलेले लोकसुद्धा चुकून १५ वालं उचलतात आणि फेटत बसतात. पाकिटावर 'मिल्क फॅट' किती ते वाचून घे, ३५ च्या वर हवं. बाकी 'सायसाखर' इथे असतात, त्यांचं क्षेत्रच हे आहे.

-----

सायसाखर

आहे, आहे. दुग्धतंत्रज्ञानात नोकरी केली आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

क्रीम फेटलं की त्यात हवेचे बुडबुडे शिरतात. स्निग्धांशाचे कण अर्धवट एकमेकांना चिकटून त्या बुडबुड्यांभोवती जाळं तयार करतात आणि क्रीम उभं राहतं. यासाठी दोन गोष्टी लागतात: कण पुरेसे हवेत आणि ते थंडीनं अर्धवट घट्ट झालेले हवेत. ३० टक्क्यांच्या खाली जाळं नीट तयार होत नाही. आणि क्रीम कोमट असेल तर ४० टक्के असूनही उपयोग नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भांडं आणि बीटरची पाती अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये. फेटताना भांड्याखाली बर्फाची परात.

दुकानातलं गोड व्हिपिंग क्रीम बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं असतं, पाकिटावर 'नॉन डेअरी' लिहिलेलं असतं. ते गरमीत टिकतं म्हणून केकवाले वापरतात, पण त्याला दुधाची चव नाही. रानजाईंनी सांगितलेला हिशोब, आंबट फळ आणि अगोड क्रीम, त्यानं जमणार नाही.

सईताई, तुमच्या भागात डेअरीत सुटं क्रीम मिळत असेल. डेअरीवाल्याला फॅट विचारा. म्हशीच्या दुधाचं असेल तर बरंच दाट असतं. समजा ६० टक्क्यांचं आहे, तर अर्धा किलो क्रीमला पाव लिटर गार दूध घाला, म्हणजे साधारण ४० टक्क्यांवर येतं. दाटच फेटलंत तर बघता बघता लोणी होईल. कच्च्या दुधाचं असेल तर आधी मंद आचेवर ८० अंशांपर्यंत तापवा, झटकन गार करा आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये. ही रात्र टाळू नका. त्या वेळातच स्निग्धांश घट्ट होतो.

-----

मोरपंखी_सई

सायसाखर, हे कुठेच इतकं स्पष्ट वाचलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. रविवारी करून बघते. फक्त जूनमध्ये स्ट्रॉबेरी कुठून आणू? महाबळेश्वरचा हंगाम कधीच संपला.

-----

गोडघाशा

धागा आवडला, पण एका मुद्द्यावर मला वेगळं वाटतं. घरी पाहुणे आले आणि त्यांच्यापुढे बिनसाखरेचं क्रीम ठेवलं तर ते एक घास खाऊन वाटी बाजूला ठेवतील. आपल्या जिभेला श्रीखंड-बासुंदीची सवय आहे. स्वीडिश पदार्थ आपल्याकडे करायचा तर आपल्या चवीनं का करू नये?

-----

रानजाई

गोडघाशा, तुमचं म्हणणं समजतं. पण साखर कमी-जास्त करायचीच असेल तर ती फळात करा, क्रीममध्ये नको. कारण सांगते. क्रीम अगोड असलं की प्रत्येक घासात चव बदलते: आधी आंबट, मग गोड, मग नुसतं दुधाळ. क्रीममध्ये साखर गेली की सगळं एकाच पट्टीत येतं आणि फळ मागे पडतं. पाहुण्यांना एकदा याच पद्धतीनं वाढून बघा. केक पुरेसा गोड असतोच, ४ अंड्यांना २ डेलि साखर म्हणजे कमी नाही.

आणि सई, जूनमध्ये स्ट्रॉबेरीच्या मागे लागू नकोस. स्वीडिश लोक जे फळ त्या आठवड्यात आहे तेच घेतात. मे संपताना रुबार्ब, मिडसोमारला स्ट्रॉबेरी, मग रासबेरी, जुलै-ऑगस्टला रानातली ब्लूबेरी, सप्टेंबरात लिंगोन (छोटी आंबट लाल बेरी) आणि सफरचंद. तुझ्याकडे आत्ता आलुबुखार असतील, जांभळं असतील. आलुबुखार अर्धवट शिजवून, गार करून, रसासकट केकच्या मधल्या थरात घाल. आंबट-गोड दोन्ही आहे त्यात.

एक काळजी: ताजं अननस, पपई किंवा किवी क्रीममध्ये मिसळू नका. त्यांतली विकरं (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतात आणि तासाभरात क्रीम कडू लागतं. अननस हवंच असेल तर शिजवून किंवा डब्यातलं घ्या.

-----

मृद्गंध

आमच्याकडे अंडं चालत नाही आणि जिलेटिनही नाही. यातलं काय करता येईल? अंड्याशिवायचा केक करून बघावा का?

-----

रानजाई

मृद्गंधताई, केकला पर्याय शोधण्यापेक्षा मुळातच बिनअंड्याचे जे आहेत ते करा. वर दिलेलं फळांचं क्रेम पूर्ण शाकाहारी आहे. यांतल्या कशातच जिलेटिन पडत नाही.

दुसरं म्हणजे फ्रासवोफ्लोर, कुरकुरीत वॉफल. स्वीडनमध्ये २५ मार्चला वॉफलचा दिवस असतो, घराघरांत त्या संध्याकाळी वॉफलच. जुन्या पद्धतीच्या कुरकुरीत वॉफलमध्ये अंडं नसतं. ३ डेलि मैदा, चिमूटभर मीठ, २ डेलि अगदी गार पाणी, ५० ग्रॅम वितळवून कोमट केलेलं बटर, आणि ३ डेलि क्रीम फेटून शेवटी हलक्या हातानं मिसळायचं. बस. बेकिंग पावडरसुद्धा नाही. क्रीममधली हवा आणि पाण्याची वाफ यांनीच ते कुरकुरीत होतं. साचा चांगला तापलेला हवा. झालेली वॉफल एकावर एक रचू नका, वाफेनं मऊ पडतात. जाळीवर पसरा. वर अगोड फेटलेलं क्रीम आणि आंबटसर जॅम. इथे सगळ्यात मानाचा जॅम क्लाउडबेरीचा, म्हणजे यूर्ट्रोन. ही पिवळसर-केशरी फळं उत्तरेकडच्या दलदलीत येतात आणि एका देठावर एकच फळ असतं, म्हणून महाग.

-----

आडवाटेवर

चिपळूणहून. रुबार्ब आमच्या बापजन्मी पाहिलेलं नाही, पण आंबट फळांना काय तोटा? कैरी आहे, कोकम आहे, करवंद आत्ताच संपलं, जांभळं चालू आहेत. बटाट्याचा स्टार्च इथे मिळत नाही. कॉर्नफ्लॉरनं क्रेम होईल का? की आरारूट?

-----

रानजाई

आरारूट, निःशंक. कॉर्नफ्लॉरनं क्रेम दाट होतं, पण गढूळ दिसतं, आणि कच्चा वास जायला एक-दोन मिनिटं उकळावं लागतं. आरारूट बटाट्याच्या स्टार्चसारखंच स्वच्छ, चमकदार होतं आणि तसंच, एक उकळी आली की उतरवायचं. फक्त केकमधल्या कस्टर्डला आरारूट वापरू नका. दुधात ते बुळबुळीत होतं. तिथे कॉर्नफ्लॉरच.

आणि साबुदाणा! जुन्या स्वीडिश घरांत सुक्या फळांचं सूप करत, जर्दाळू, प्लम, मनुका शिजवून. ते दाट करायला साबुदाणाच घालत. इथला साबुदाणा बटाट्याच्या स्टार्चचा असतो, पण काम तेच. तुमच्या घरात तो असणारच.

कैरी चालेल, साखर रुबार्बपेक्षा जास्त लागेल. दूध मात्र पूर्ण गार झालेल्या क्रेमवर, गार आणि खातानाच ओता. गरम आंबट रसात दूध गेलं की फुटणारच.

-----

स्कोनेकर

लुंडहून नमस्कार. रानजाईंनी सफरचंदांना एका ओळीत उरकलं, म्हणून भर घालतो. स्कोने हा दक्षिणेकडचा प्रांत, आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर किविकच्या आसपास सफरचंदाच्या बागाच बागा. सप्टेंबरच्या शेवटी तिथे सफरचंदांची जत्रा भरते आणि हजारो सफरचंदं रचून एक अवाढव्य चित्र उभं करतात.

इथला सफरचंदाचा केक केकसारखा नसतोच. गडद, गोडसर राय पावाचा चुरा बटरमध्ये साखर घालून खरपूस परतायचा, आणि त्याचे व आंबट सफरचंदाच्या शिजवलेल्या गराचे आलटून पालटून थर देऊन भाजायचं. अंडं नाही, मैदा नाही. मृद्गंधताई, तुमच्यासाठी हे पण चालेल. वरून गार व्हॅनिला सॉस. सॉसमध्ये बलक असतो, तुम्ही कस्टर्ड पावडरची करा. इथेही बरीच घरं पाकिटातल्या पावडरचीच करतात, त्यात कमीपणा कोणी मानत नाही.

भारतात राय पाव नसेल तर गव्हाचा ब्राऊन ब्रेड दोन दिवस वाळवून घ्या आणि परतताना थोडा गूळ घाला. सफरचंद मात्र आंबट हवं. लाल गोड सफरचंदानं हा पदार्थ फिका होतो. हिरवी ग्रॅनी स्मिथ घ्या, नाहीतर लिंबू पिळा.

-----

सायसाखर

आडवाटेवर, जांभळांचं अवश्य करा. जांभळाचा तुरटपणा टॅनिनचा. दुधातलं केसिन हे प्रथिन टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे क्रीमबरोबर खाल्लं की जीभ आवळत नाही. चहात दूध घातल्यावर तुरटपणा जातो, त्याचं कारणही हेच.

-----

अनघड

स्टॉकहोमहून. गॉटलंड बेटावरच्या साफ्रान्सपानकाकाचा उल्लेख कोणीच केला नाही! नाव पॅनकेकचं असलं तरी प्रत्यक्षात भाताचा भाजलेला पदार्थ आहे. आधी दुधात तांदूळ शिजवून दाट पेज करायची, त्यात केशर, साखर, बारीक चिरलेले बदाम, क्रीम आणि अंडी घालून ओव्हनमध्ये सोनेरी होईपर्यंत भाजायचं. चौकोनी तुकडे करून कोमट वाढतात, सोबत फेटलेलं क्रीम आणि साल्मबेरचा जॅम. साल्मबेर म्हणजे ब्लॅकबेरीच्या जातीचं निळसर, आंबट फळ. तिथल्या विस्बी शहराच्या कॅफेंमध्ये हे वर्षभर मिळतं. केशर, बदाम, तांदूळ, दूध एका वाडग्यात पाहून मला पहिल्याच घासाला आपलं वाटलं होतं.

रानजाई, तुझ्या त्या नाताळच्या भाताचं लिही ना आता.

-----

रानजाई

अनघड, बरं झालं आठवण केलीस. लिहितेच.

रीस आ ला माल्टा. नाताळच्या आदल्या दिवशी बऱ्याच घरी दुधातल्या तांदळाची पेज असते. दीड डेलि बुटका तांदूळ, ३ डेलि पाणी, अर्धा छोटा चमचा मीठ, एक चमचा बटर. पाणी आटलं की ७ डेलि दूध आणि दालचिनीची काडी, आणि अगदी मंद आचेवर झाकून पाऊण तास. त्यात एक सोललेला बदाम टाकतात, ज्याच्या वाडग्यात तो येईल त्याचं पुढच्या वर्षी लग्न ठरतं म्हणे. ही पेज मुद्दाम जास्त करायची, कारण उरलेलीचं दुसऱ्या दिवशी हे गोड करतात.

गार होऊन घट्ट बसलेली पेज, साधारण ५ डेलि, काट्यानं मोकळी करायची. अडीच डेलि क्रीम फेटायचं, आणि इथे मात्र २ चमचे साखर आणि व्हॅनिला साखर चालते, कारण पेज अगोड असते. दोन संत्र्यांच्या फोडी पांढरी साल आणि बिया काढून, तुकडे करून त्यात घालायच्या. फोडींचा रस निथळून घ्या, नाहीतर सगळं पातळ होतं. हलक्या हातानं मिसळून लगेच वाढायचं. काही घरांत संत्री नसतात, त्याऐवजी वरून लाल बेरीचा गरम सॉस. डेन्मार्कमध्ये हाच पदार्थ बदाम आणि चेरीच्या गरम सॉसबरोबर खातात.

तांदळाबद्दल: बासमती नको. दाणा सुटा राहतो आणि क्रीम त्याच्यावरून घसरतं. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी घ्या. इंद्रायणीचा चिकटपणा इथल्या पेजेच्या तांदळाच्या अगदी जवळचा आहे. नागपूरची संत्री डिसेंबर-जानेवारीत येतात, म्हणजे हंगामही जुळतो.

-----

मोरपंखी_सई

हिरवा केक राहिला की गं! प्रिन्सेस केक. तो घरी करतात का?

-----

रानजाई

करतात, पण क्वचित. आत केक, कस्टर्ड, रासबेरी जॅम, वर क्रीमचा जाड घुमट आणि त्यावर हिरव्या मार्झिपानची (बदाम-साखरेच्या गोळ्याची) चादर. ती चादर न फाटता घुमटावर बसवणं हेच खरं काम, म्हणून लोक तो विकत आणतात. येन्नी ओकरस्त्रोम नावाच्या बाई स्वीडनच्या राजपुत्र कार्लच्या तीन मुलींना, म्हणजे मार्गारेता, मेर्ता आणि आस्त्रिद यांना, स्वयंपाक शिकवायच्या. १९४८ साली त्यांच्या पाकपुस्तकात तो 'हिरवा केक' म्हणून आला. राजकन्यांना आवडायचा म्हणून पुढे त्यांचं नाव लागलं. चवीला माझं मत स्ट्रॉबेरी केकच्या बाजूनं. मार्झिपानमुळे गोडी वाढते आणि फळ दिसेनासं होतं.

-----

मृद्गंध

एक शंका. इथल्या एका मैत्रिणीनं स्वीडनहून चीजकेक आणला होता, कोमट करून जॅम-क्रीमबरोबर खायचा. तो नेहमीच्या चीजकेकसारखा नव्हताच. तो कोणता?

-----

रानजाई

ऊस्तकाका, स्मोलांद या दक्षिणेकडच्या प्रांताचा. तो क्रीम चीजचा नसतो. ताज्या दुधात रेनेट (दूध घट्ट करणारं विकर) घालून दूध विरजतात, पाणी काढून टाकतात आणि त्या मऊ छेन्यात अंडी, क्रीम, साखर, बदाम घालून भाजतात. पोत आपल्या खरवसासारखा, थोडा रवाळ. कोमट वाढायचा, गरमही नाही आणि गारही नाही, आणि वर स्ट्रॉबेरी किंवा क्लाउडबेरीचा जॅम आणि अगोड क्रीम. हेल्सिंगलांद या दुसऱ्या प्रांतातही ऊस्तकाका असतो, पण तो घट्ट, दाताखाली करकरणारा. यात अंडी असतात आणि रेनेट वासराच्या पोटातलं असू शकतं, त्यामुळे तुमच्यासाठी विकतचा नको. ज्यांना अंडं चालतं त्यांनी घरी अर्धा किलो मऊ छेना (न दाबलेलं पनीर), ३ अंडी, अडीच डेलि क्रीम, अर्धा डेलि मैदा, पाऊण डेलि साखर, १ डेलि बदामाची भरड एकत्र करून १७५ अंशांवर पाऊण ते एक तास भाजावं. छेना कुस्करू नका, गोळे राहू द्या. इथेही घाईच्या वेळी लोक विकतच्या कॉटेज चीजचा असाच करतात.

-----

आडवाटेवर

जांभळांचं क्रेम करून पाहिलं. बिया काढण्यापेक्षा पाण्यात अख्खी जांभळं शिजवून चाळणीतून घासली, बिया आपोआप वेगळ्या झाल्या. आरारूट घातल्यावर रंग असा काही आला की मुलं पातेल्याभोवती जमली. गार करून वर डेअरीतलं क्रीम न फेटताच ओतलं. सायसाखर म्हणाले तसंच, तुरटपणा जवळजवळ गेला. साखर मी रुबार्बच्या मापानंच घातली होती, जांभळांना ती जरा जास्त झाली. पुढच्या वेळी निम्मी घालीन आणि थोडं लिंबू पिळीन.

प्रश्न एकच: गार झाल्यावर खूपच घट्ट बसलं, सुरीनं कापता येईल इतकं. असंच असतं का?

-----

रानजाई

वा, जांभळाचा रंग खरंच सुंदर येत असणार! नाही, इतकं घट्ट नको. चमच्यातून हळूहळू ओघळलं पाहिजे. चाळणीतून घासल्यामुळे साली आणि गर निघून गेले, रस कमी उरला आणि आरारूट त्या मानानं जास्त झालं. गाळलेला रस मोजून घ्या आणि दर ५ डेलि रसाला २ मोठे चमचे आरारूट धरा. जे घट्ट झालंय ते परत तापवू नका, थोडं गार पाणी किंवा कोकमाचं आगळ-पाणी घालून चमच्यानं हलवा, सैल होईल.

-----

मोरपंखी_सई

रविवारी आलुबुखाराचा केक झाला. डेअरीतल्या क्रीमला पाव लिटर दूध घातलं, बर्फाच्या परातीवर फेटलं आणि ते खरंच उभं राहिलं. साखर अजिबात घातली नाही. सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. गोडघाशा, तुम्हालाही करून बघा असं सांगेन.

उरलेलं फेटलेलं क्रीम दुसऱ्या दिवशी थोडं पाणी सुटल्यासारखं झालं. टाकून द्यायचं का?

-----

सायसाखर

अजिबात नाही. दोन चमचे न फेटलेलं गार क्रीम घालून हातानं हलकेच फेटा, परत एकजीव होईल. त्याउपर राहिलंच तर फेटत राहा, लोणी काढा आणि कढवा.